बहात्तरच्या दुष्काळाच्या आठवणी कशा नोंदवाव्यात आणि त्यांतून भूतकाळ कसा वाचावा

१९७२-७३ च्या दुष्काळाच्या आठवणी नोंदवायला निघालेल्यांची एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. ते थेट एखाद्या आजींसमोर मोबाइल धरतात आणि "बहात्तरचा दुष्काळ कसा होता?" असे विचारतात. उत्तरही बहुधा ठरलेले मिळते: "तेव्हा पाणी होतं, धान्य नव्हतं, आता धान्य आहे, पाणी नाही." हे वाक्य खोटे नाही, पण ते १९७३ सालचे असू शकत नाही. त्यात दोन दुष्काळांची तुलना आहे आणि ही तुलना २०१२-१३ चा दुष्काळ, किंवा एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तो काळ, पाहिल्यानंतरच करता येते. नोंदवणारा मात्र हे वाक्य जसेच्या तसे १९७२ चा पुरावा म्हणून छापतो.

प्रत्येक आठवणीत दोन काळ एकत्र असतात: घटना घडली तो, आणि ती सांगितली जाते तो. हे दोन काळ वेगळे करता यावेत यासाठी तयारी कशी करावी, कोणत्या क्रमाने जावे आणि कुठे घसरायला होते, ते पुढे दिले आहे. एक गाव आणि दहा-बारा सांगणारी माणसे, एवढा आवाका डोळ्यांसमोर ठेवला आहे. पहिल्या प्रयत्नात तालुका हाती घेऊ नये.

१. आधी कागद, मग माणूस

मुलाखतीला जाण्यापूर्वी गावाची त्या वर्षांची कागदोपत्री चौकट तयार करावी. ती तयार नसेल, तर सांगणारा काय वगळतो आहे, कुठे दोन वर्षे एकत्र करतो आहे आणि कुठे नवी माहिती देतो आहे, हे बसल्या जागी कळत नाही.

पाहण्यासारखे कागद पुढीलप्रमाणे:

- तालुक्याच्या पर्जन्यमापक केंद्राची १९७० ते १९७४ ची नोंद. बहात्तर साल एकटे आले नव्हते. अनेक भागांत त्याच्या आधीचे पावसाळेही कमी पडले होते. म्हणून एकाच वर्षाचा आकडा घेऊन थांबू नये.
- गावाची त्या वर्षांची आणेवारी किंवा पैसेवारी (पीक किती आले याचा सरकारी अंदाज) आणि सातबारावरील पिकांच्या नोंदी.
- जन्म-मृत्यूची नोंदवही.
- प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर. कोणत्या महिन्यात किती मुलांची नावे कमी झाली आणि 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात काय लिहिले आहे, हे पाहावे. एरवी कोणी न उघडणारे हे रजिस्टर स्थलांतराचा फार मोलाचा पुरावा देते.
- जिल्ह्याच्या दैनिकाचे जुने अंक, जिल्हा ग्रंथालयात मिळाल्यास.

कागद शोधताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली शब्दाची: महाराष्ट्राने १९६३ मध्ये स्वतंत्र कायदा करून राज्यातील कायद्यांमधून दुष्काळ हा शब्द काढून टाकला होता, त्यामुळे सरकारी कागदांत 'टंचाई' शोधावी लागते. दुसरी हद्दीची: जालना जिल्हा १९८१ मध्ये आणि लातूर १९८२ मध्ये झाला. म्हणून आज जालना जिल्ह्यात असलेल्या गावाचे कागद जुन्या औरंगाबाद किंवा परभणी जिल्ह्याच्या दप्तरात, तर लातूरकडचे उस्मानाबादच्या दप्तरात असण्याची शक्यता धरावी. अहिल्यानगर, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर ही नावे तर त्या काळच्या कागदांत मिळणारच नाहीत.

तपासणी: पाऊस केव्हा थांबला, सरकारी दुष्काळी काम केव्हा सुरू झाले, शाळेतली मुले केव्हा कमी झाली आणि पुढचा चांगला पाऊस केव्हा आला, या चार गोष्टी एका पानावर महिन्यांनुसार मांडता येत नसतील, तर मुलाखतीची तारीख पुढे ढकलावी.

२. कोणाकडे जायचे

सर्वांत सोपी यादी ही सर्वांत वाईट यादी असते. सरपंच, निवृत्त शिक्षक आणि ज्यांच्या अंगणात बसायला खुर्च्या आहेत ती घरे, एवढ्यावर थांबल्यास दुष्काळ विहीर असलेल्यांच्या बाजूने लिहिला जातो. यादीत बागायतदार, कोरडवाहू शेतकरी, भूमिहीन मजूर, दलित वस्तीतील माणसे, मेंढपाळ, बलुतेदार आणि त्या वर्षी गाव सोडून गेलेले, असे सगळे हवेत. गाव सोडून गेलेले बहुतेकदा मुंबई, पुणे, ठाणे किंवा साखर कारखान्यांच्या पट्ट्यात सापडतात. गावात थांबलेल्यांकडे त्यांची गोष्ट नसते.

स्त्रियांच्या मुलाखती वेगळ्या घ्याव्यात. पती किंवा मुलगा शेजारी बसला की "आमच्या घरी काही कमी पडलं नाही" हेच ऐकू येते. धान्य किती दिवस पुरले, कोण शेवटी जेवत असे, अंगावरचे काय मोडले, हे चुलीपुढे बसणाऱ्या बाईलाच ठाऊक असते. शक्य असेल तर स्त्रीची मुलाखत स्त्रीनेच घ्यावी.

वयाचाही विचार करावा. तेव्हा विशीत असलेली व्यक्ती आज सत्तरी ओलांडून गेली आहे. आज साठीच्या पुढे असलेली व्यक्ती तेव्हा मूल होती. मुलाच्या आठवणीत सुकडीचा, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाण्याचा, वास आणि आईची पाठ असते. मजुरी किती होती आणि हजेरी कोण मांडत असे, हे नसते. दोघेही हवेत, पण एकाला दुसऱ्याचे प्रश्न विचारू नयेत.

३. संमती आणि साधने

संमती म्हणजे कागदावरचा अंगठा नव्हे. ध्वनिमुद्रण कोण ऐकेल, ते कुठे ठेवले जाईल, नाव द्यायचे की नाही आणि नंतर नकार देता येईल का, या चार गोष्टी बोलीभाषेत सांगाव्यात आणि त्यांचा होकार मुद्रणाच्या सुरुवातीलाच घ्यावा. सावकार, मुकादम किंवा हजेरीतील खोट्या नावांबद्दल बोलणे निघाल्यास ती घराणी अजून गावात आहेत, हे विसरू नये. असा भाग मुद्रणात राहिला तरी प्रसिद्ध करताना नावे काढावीत.

साधा मोबाइल पुरतो. तो विमान मोडवर ठेवून सांगणाऱ्यापासून हातभर अंतरावर कापडाच्या घडीवर ठेवावा, पंखा बंद करावा आणि पिठाच्या गिरणीजवळचे घर टाळावे. त्याच संध्याकाळी दोन वेगवेगळ्या ठिकाणी प्रती कराव्यात.

इशारा: एका बैठकीत दीड तासापेक्षा जास्त वेळ बसू नये. वयस्क माणसे थकली की तपशील सोडून सरसकट बोलू लागतात आणि हे लगेच लक्षात येत नाही.

४. प्रश्नांचा क्रम

सर्वांत जास्त चुका इथे होतात. क्रम असा ठेवावा: आधी घर, मग दिवस, मग वर्ष आणि सगळ्यात शेवटी मत.

घरापासून सुरुवात केली की माणूस त्या काळात जाऊन उभा राहतो. "आजी, त्या वर्षी तुमचं लग्न झालेलं होतं का? कडेवर कोण होतं? घरात जेवणारी किती माणसं होती? दावणीला किती जनावरं होती?" अशा प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात, कारण त्यांची ठरीव वाक्ये तयार नसतात. त्यानंतर एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत सांगायला लावावा: पाण्याला किती वाजता जायचे, कोणत्या विहिरीवर, कामाची जागा किती लांब, भाकरी बांधून नेत की कामावरची सुकडी खात, मजुरी कोणाच्या हातात पडे आणि बाजार कोण करी. या टप्प्याला घाईने आवरू नये. अर्धी मुलाखत यात गेली तरी चालेल.

वर्षाचा क्रम लावताना तारखा विचारू नयेत. शेतकऱ्याच्या आठवणीत नक्षत्रे, सण आणि लग्नसराई असते. "मृगाची पेर उगवली होती का? हस्त पडला का? पोळ्याला बैल घरात होते का? ते विकले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती का?" या प्रश्नांवरून महिना अचूक निघतो. साल पक्के करण्यासाठी मोठ्या घटनांचा आधार घ्यावा: ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, डिसेंबर १९७१ चे बांगलादेश युद्ध, जून १९७५ मध्ये सुरू झालेली आणीबाणी. धाकटा मुलगा युद्धाच्या आधीचा की नंतरचा, एवढ्या एका उत्तराने कितीतरी घोळ सुटतात.

मताचे प्रश्न, म्हणजे सरकारने काय केले, लोक कसे वागले, तेव्हाची आणि आजची परिस्थिती, हे अगदी शेवटी ठेवावेत. ते आधी विचारले तर पुढचे सगळे तपशील त्या मताला पुरावा म्हणून निवडले जातात.

प्रश्नात उत्तर घालू नये. "मिलो (रेशनवर आलेली परदेशी लाल ज्वारी) खाऊन पोट बिघडायचं ना?" हा प्रश्न नव्हे, "रेशनवर काय मिळायचं आणि ते अंगाला कसं लागायचं?" हा प्रश्न आहे. सांगणारी व्यक्ती गप्प झाली तर लगेच दुसरा प्रश्न टाकू नये. उपासमार, दगावलेले मूल, विकलेली गाय यांच्याभोवती माणसे थांबतात. त्या थांबण्याला वेळ द्यावा, आणि त्यांनी विषय बदलला तर आपणही बदलावा.

तपासणी: पहिली मुलाखत परत ऐकावी आणि आपण स्वतः किती बोललो, ते मोजावे. आपला आवाज एक चतुर्थांशापेक्षा जास्त ऐकू येत असेल, तर दुसऱ्या मुलाखतीपूर्वी प्रश्नावली निम्मी करावी.

५. वस्तू, जागा आणि हाताचे काम

खुर्चीवर बसून न आठवणाऱ्या गोष्टी बांधावर उभे राहिल्यावर आठवतात. दुसरी बैठक म्हणून सांगणाऱ्याला, प्रकृती साथ देत असेल तर, त्याने ज्या पाझर तलावावर, नालाबांधावर किंवा रस्त्यावर काम केले तिथे न्यावे. माती कुठून काढली, टोळ्या कशा पडत, तान्ही मुले कोणत्या झाडाखाली ठेवत, पाण्याचा माठ कोणाजवळ असे आणि त्याला कोण हात लावू शके, हे त्या जागेवर बोट दाखवून सांगितले जाते. शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण तो वगळू नये.

खडी फोडण्याचे काम करून दाखवायला सांगावे. बसण्याची पद्धत, हातोडीची पकड, दगड कशाने धरत, चीप डोळ्यात जाऊ नये म्हणून काय करत, असे तपशील शब्दांत येत नाहीत. ते हातांत असतात. खडी ब्रासवर मोजली जाई आणि एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. हा ढीग जागेवर आखून दाखवला की "दोघांत किती दिवसांत एवढी व्हायची?" या प्रश्नाला ठोस उत्तर मिळते आणि मजुरीचा हिशेब त्यातूनच उलगडतो.

जात्याचेही तसेच. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या, त्या ओव्या दळणाच्या लयीशी बांधलेल्या आहेत. "एखादी ओवी म्हणा" असे नुसते म्हटल्यास पुष्कळदा बाया लाजतात. खुंट्याला हात लागला की ओळ आपोआप येते. मात्र ओवीत दुष्काळ आला म्हणून ती बहात्तरचीच, असे धरू नये. ओव्या आईकडून, सासूकडून येतात, आणि त्यांतला दुष्काळ आणखी जुनाही असू शकतो.

या टप्प्यावर विद्यार्थ्यांना स्वतः काम करायला लावण्याचा मोह होतो. तो चांगला आहे, पण त्याची मर्यादा आधीच स्पष्ट करावी. अर्धा तास खडी फोडून मनगटाला काय होते, ढीग किती हळू वाढतो आणि माप घेणारा किती महत्त्वाचा माणूस असतो, हे समजते. भूक समजत नाही, आणि उद्या काम बंद झाले तर काय, ही धास्तीही समजत नाही. घरी डबा तयार असलेल्या मुलाने "मी दुष्काळ अनुभवला" असे लिहिले, तर ते वाक्य शिक्षकाने खोडावे. मिलोच्या भाकरीबाबतही हेच. आज बाजारात मिळणारी लाल ज्वारी म्हणजे तेव्हा रेशनवर आलेले परदेशी धान्य नव्हे. म्हणून चवीवरून निष्कर्ष काढू नये. पीठ थापताना तुटत होते का, गरम पाणी घालावे लागे का, कशात मिसळून खात, एवढे मात्र आजींच्या हाताकडे पाहून नोंदवता येते.

इशारा: भुकेचा अभिनय करून घेऊ नये. फाटके कपडे घालून रांगेत उभी केलेली मुले पाहायला त्या रांगेत खरोखर उभी राहिलेली माणसे येणार असतात.

६. बोलणे कागदावर उतरवणे

मुद्रण शब्दशः उतरवावे आणि बोली सुधारू नये. माणदेशी, मराठवाडी किंवा वऱ्हाडी बोलणे प्रमाण मराठीत आणले की गावची मापे, अवजारांची नावे आणि नात्यांचे शब्द हरवतात. थांबणे, हसणे, आवाज खाली येणे हे चौकटी कंसात लिहावे. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नये, जागा सोडून पुन्हा विचारावा. एका तासाच्या मुद्रणाला उतरवायला चार-पाच तास लागतात, हे धरूनच मुलाखतींची संख्या ठरवावी.

७. पडताळणी

पडताळणीचा हेतू आठवणीला नापास करणे हा नाही. आठवण आणि कागद जिथे जुळत नाहीत, तिथे बहुतेकदा सर्वांत महत्त्वाची गोष्ट दडलेली असते. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले गाजर गवताचे. "हे काँग्रेस गवत बहात्तरच्या मिलोबरोबर आलं" असे अनेक गावांत ठामपणे सांगितले जाते. ते आयात धान्याबरोबर देशात आले असावे, हा समज अभ्यासकांमध्येही आहे. पण पुण्यात या गवताची नोंद १९५० च्या दशकातच झालेली आहे. म्हणजे साल जुळत नाही. तरीही विधान टाकून देऊ नये. आपल्या शिवारात ते प्रथम केव्हा दिसले, हे वेगळे विचारावे, कारण गावापुरते ते खरेही असू शकते. शिवाय गावाने या तणाची सांगड नेमकी रेशनच्या धान्याशी घातली, यावरून त्या धान्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहत होते, हे कळते. हा भाग सरकारी अहवालात सापडत नाही.

दुसरे रोजगार हमीचे. "आम्ही रोजगार हमीवर होतो" असे सांगितले जाते. वि. स. पागे यांनी मांडलेली ही योजना त्याच सुमाराची असली, तरी दुष्काळाच्या ऐन काळात बहुतांश माणसे टंचाई निवारणाच्या कामांवर होती. मे १९७३ मध्ये राज्यभरात अशा कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते. रोजगार हमीचा कायदा १९७७ चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा. पुढे वर्षानुवर्षे हमीवर काम केलेल्या माणसाने आधीच्या कामालाही तेच नाव देणे स्वाभाविक आहे. मुलाखतीत त्याला दुरुस्त करू नये. "तेव्हा त्या कामाला लोक काय म्हणायचे?" एवढेच विचारावे. 'दुष्काळी काम' किंवा 'खडीचं काम' असे उत्तर आले, तर दोन काळ आपोआप वेगळे होतात.

तिसरे मृत्यूंचे, आणि येथे सर्वाधिक काळजी हवी. सांगणारी व्यक्ती म्हणते की अमुक मूल उपासमारीने गेले. नोंदवहीत 'ताप' किंवा 'हगवण' असे असते. नोंदवहीमुळे आठवण खोटी ठरत नाही, कारण अशक्त शरीर अखेरीस कोणत्या तरी आजारानेच जाते. एकेका मृत्यूवर वाद घालण्याऐवजी १९७० ते १९७४ या पाच वर्षांचे मृत्यू महिना आणि वयानुसार मांडावेत. लहान मुलांचे आणि वृद्धांचे आकडे विशिष्ट महिन्यांत वर गेले असतील, तर आठवण आणि कागद एकच गोष्ट सांगत आहेत, असे म्हणता येते. लहान गावात आकडे इतके कमी असतात की त्यांवरून काहीच ठरवता येत नाही. तसे असेल तर तेही स्पष्ट लिहावे.

८. अर्थ लावणे

प्रत्येक महत्त्वाच्या विधानापुढे तीनपैकी एक खूण करावी: स्वतः पाहिलेले, दुसऱ्याकडून ऐकलेले, आज वाटणारे. लेखातील निष्कर्ष पहिल्या दोहोंवर उभा करावा. तिसऱ्याला कमी लेखू नये. तो आजच्या गावाचा पुरावा आहे आणि स्वतंत्र परिच्छेदात यावा. सुरुवातीला दिलेले पाणी-धान्याचे वाक्य इथे बसते: बहात्तरच्या विहिरीत खरोखर पाणी होते का, हे विहिरीवार विचारून ठरवावे, आणि ते वाक्य आज इतके का बोलले जाते, याचे उत्तर बोअरवेल, ऊस आणि टँकर यांच्या गोष्टीत शोधावे.

दोन साक्षी एकमेकींविरुद्ध गेल्या तर त्यांची सरासरी काढू नये. समजा एकाने सांगितले, "तेव्हा जातपात राहिली नव्हती, सगळे एका रांगेत खडी फोडत होते," आणि दुसरीने सांगितले, "रांग एक होती, माठ वेगळा होता." दोन्ही वाक्ये, बोलणाऱ्याचे त्या काळचे स्थान सांगून, शेजारी-शेजारी छापावीत. गुळगुळीत, सर्वांना मान्य होणारी गोष्ट तयार करण्याचा दबाव गावातून येतो आणि तो प्रेमानेच येतो. पण त्यापुढे झुकल्यास ज्यांचे म्हणणे पहिल्यांदाच नोंदले जात होते, त्यांचेच पुन्हा पुसले जाते.

९. गावापुढे मांडणे

शाळेत किंवा ग्रामपंचायतीत प्रदर्शन भरवायचे असेल, तर प्रत्येक वस्तूखालच्या पाटीवर वस्तूचे गावातले नाव, ती कोणाच्या घरची आहे (परवानगी असल्यास), ती खरोखर त्या वर्षांतली आहे की त्या प्रकारची आहे, आणि ती कशी वापरत याबद्दल सांगणाऱ्याचे एक वाक्य, एवढे असावे. 'त्या प्रकारची' हे दोन शब्द लिहायला बहुतेक जण विसरतात आणि मग दहा वर्षांपूर्वी घेतलेले घमेले दुष्काळातले ठरते.

काहीही प्रसिद्ध करण्याआधी प्रत्येक सांगणाऱ्याला त्याचा भाग वाचून दाखवावा. वाचता येत असले तरी मोठ्याने वाचावा, कारण स्वतःचे बोलणे कानावर पडले की चुकलेले नाव, चुकलेले माप आणि नको असलेला उल्लेख लगेच लक्षात येतो. त्यांनी एखादे वाक्य काढायला सांगितले तर ते काढावे. मूळ मुद्रणात ते राहू द्यायचे की नाही, हेही त्याच बैठकीत विचारावे आणि उत्तर तारीख घालून संमतीच्या कागदावर लिहून ठेवावे.